हाडे जोडणाऱ्याची जन्मभराची कमाई
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आपल्याकडे एखाद्याच्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "चला, आता पैशाला तोटा नाही." त्यातही तो मुलगा पुढे हाडांचा डॉक्टर होणार असे कळले, तर बोलणारा डोळे थोडे अधिकच मोठे करतो. हाडांच्या डॉक्टरकडे पैसा खोऱ्याने ओढला जातो, ही समजूत नंदुरबारच्या बाजारपेठेपासून धडगावच्या एस. टी. थांब्यापर्यंत सगळीकडे सारखीच आहे. समजूत सर्वस्वी खोटी आहे असे नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने समजुतीवर थांबू नये. हिशेब करून पाहावा.

या वर्षी आमच्या तासाला 'वेतनातील तफावत' हे प्रकरण चालू असताना माझ्या मनात हा प्रश्न आला. हाडांचा डॉक्टर, म्हणजे अस्थिशल्यचिकित्सक, आपल्या सबंध आयुष्यात किती कमावतो? ती कमाई केव्हा सुरू होते, केव्हा शिगेला पोहोचते आणि केव्हा ओसरते? आणि जर ती इतकी मोठी असेल, तर ती मिळवायला एखादा डॉक्टर सातपुड्यात का येत नाही? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

हाडवैद्यापासून शल्यचिकित्सकापर्यंत

मोडलेले हाड बसविणे ही विद्या आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत 'भग्न' या विषयावर स्वतंत्र विवेचन आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. युरोपात 'ऑर्थोपेडिक' हा शब्द निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेतील 'सरळ' आणि 'मूल' या दोन शब्दांपासून तो बनला आहे. मुलांची वाकडी हाडे सरळ करणे, हा त्याचा मूळ अर्थ.

आपल्या खेड्यापाड्यांत मात्र आजही पहिले नाव निघते ते हाडवैद्याचे. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या, झाडपाल्याचा लेप आणि वाडवडिलांकडून आलेला हातगुण एवढे त्याचे भांडवल. त्याची कमाईही तशीच : एक नारळ, एखादी कोंबडी, पायलीभर धान्य. पैसे घेतले तर हाताचा गुण जातो, अशी समजूत आमच्या भागात अनेक ठिकाणी आहे. या माणसांना हसण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने मांडीच्या हाडासाठी 'थॉमस स्प्लिंट' जगभर वापरली गेली, ते लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे हाडवैद्याच्याच घराण्यातले. त्यांचे वडील हाडे बसवीत, पण त्यांच्याजवळ पदवी नव्हती. मुलाला त्यांनी रीतसर वैद्यक शिकविले. पुढे पहिल्या महायुद्धात याच स्प्लिंटने असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले. हाडवैद्य आणि शल्यचिकित्सक यांच्यात फरक आहे तो शास्त्रीय शिक्षणाचा, क्ष-किरणांचा, भुलीचा आणि निर्जंतुक शस्त्रक्रियागृहाचा. या चार गोष्टींना लागणारा काळ आणि पैसा हेच दोघांच्या कमाईतील अंतराचे पहिले कारण होय.

कमाई सुरू होण्यापूर्वी

बारावी उत्तीर्ण झालेला अठरा वर्षांचा विद्यार्थी घेऊ. एम. बी. बी. एस. ला साडेचार वर्षे आणि आंतरवासिता एक वर्ष, म्हणजे साडेतेवीस. शासकीय महाविद्यालयात शिकला असेल तर बंधपत्राची शासकीय सेवा. मग पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा. ऑर्थोपेडिक्सची जागा पहिल्याच प्रयत्नात मिळेल असे नाही. वर्ष-दोन वर्षे अभ्यासात जातात. जागा मिळाल्यावर एम. एस. ची तीन वर्षे, त्यानंतर पुन्हा बंधपत्र. गुडघा व खुबा बदलणे, मणका, दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया, हाताची शस्त्रक्रिया यांपैकी एखाद्या शाखेत प्रावीण्य हवे असेल, तर आणखी सहा महिने ते दोन वर्षे. थोडक्यात, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाच्या हाडाला हात लावताना तो तिशीला आलेला असतो.

या काळात तो अगदी रिकाम्या हाताने असतो असे म्हणणे बरोबर नाही. आंतरवासितेत थोडे आणि निवासी डॉक्टर असताना बऱ्यापैकी विद्यावेतन मिळते. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. शासकीय जागेवर शिकणाऱ्याचा खर्च समाज उचलतो. खासगी महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या जागेवर शिकणाऱ्याला दरवर्षी लाखो रुपये भरावे लागतात. शेत विकून किंवा कर्ज काढून शिकलेला डॉक्टर आणि शासकीय जागेवर शिकलेला डॉक्टर यांची पदवी एकच असली, तरी पहिल्याच्या पाठीवर एक ओझे असते. पुढे ते ओझे कोणाच्या तरी बिलात उतरते.

अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात वेतन कमी-जास्त का असते याची पाच कारणे दिली आहेत : काम सुखाचे की कष्टाचे, ते शिकायला सोपे की अवघड व खर्चाचे, ते सतत मिळते की अधूनमधून, त्यात किती विश्वास टाकावा लागतो, आणि त्यात यश मिळण्याची शक्यता किती. फार वेळ व श्रम खर्चून शिकलेल्या माणसाची तुलना ते एखाद्या महागड्या यंत्राशी करतात. यंत्र झिजण्यापूर्वी त्याची किंमत नफ्यासह वसूल व्हावी लागते. तसेच या माणसाचे. अस्थिशल्यचिकित्सकाला ही पाचही कारणे लागू पडतात. काम कष्टाचे आहे : शिशाचा जड अंगरखा घालून तासन् तास उभे राहणे, ताकद लावून हाड ओढणे, क्ष-किरणांच्या सान्निध्यात राहणे, अपघात रात्री दोनला आला तर दोनला उठणे. शिक्षण लांब आहे. विश्वास तर पूर्ण टाकावा लागतो. भूल दिलेला माणूस घासाघीस करीत नाही.

पुढे १९४५ मध्ये मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेतील डॉक्टर, दंतवैद्य, वकील इत्यादींच्या उत्पन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांचे उत्पन्न दंतवैद्यांहून अधिक का, याचे उत्तर त्यांनी दुहेरी दिले : काही भाग दीर्घ शिक्षणाचा मोबदला, आणि काही भाग त्या व्यवसायात शिरण्याची दारे अरुंद ठेवल्याचा परिणाम. आजही अमेरिकेत अस्थिशल्यचिकित्सक हे सर्वाधिक मिळकतीच्या डॉक्टरांत मोडतात. 'मेडस्केप'च्या २०२४ च्या पाहणीत त्यांची सरासरी वार्षिक मिळकत साडेपाच लाख डॉलरच्या वर होती. मात्र तेथे शालेय शिक्षणानंतर तेरा वर्षे शिकावे लागते आणि बहुतेकांच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असते. तो आकडा ऐकून आपण येथील डॉक्टरकडे पाहू नये. दुरून डोंगर साजरे.

शासकीय सेवेचा हिशेब

आता आपल्या मातीतला हिशेब मांडू. एकाच वर्षी बारावी झालेले दोन मित्र घ्या. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला, दुसरा शासकीय रुग्णालयात अस्थिशल्यचिकित्सक. महागाई भत्ता, घरभाडे, बढती सारे बाजूला ठेवून केवळ मूळ वेतन आणि वर्षाला तीन टक्के वेतनवाढ धरू.

शिक्षक तेविसाव्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून लागला. २०२३ पासूनच्या दराने त्याचे मानधन दरमहा १६,००० रुपये; तीन वर्षांचे ५ लाख ७६ हजार. सव्विसाव्या वर्षी तो २९,२०० च्या वेतनश्रेणीत गेला आणि ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. या बत्तीस वर्षांचे मूळ वेतन सुमारे १ कोटी ८४ लाख होते. एकूण १ कोटी ९० लाख.

डॉक्टर तिसाव्या वर्षी तज्ज्ञ म्हणून लागला. राज्याच्या सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात ६७,७०० ते २,०८,७०० ही श्रेणी आहे. हिशेबासाठी ती त्याला देऊ आणि साठाव्या वर्षापर्यंत काम धरू. तीस वर्षांचे मूळ वेतन सुमारे ३ कोटी ८७ लाख होते.

म्हणजे जन्मभराच्या मूळ वेतनात डॉक्टर शिक्षकाच्या सुमारे दुप्पट. खोऱ्याने ओढण्याची भाषा येथे गळून पडते. शिवाय शिक्षकाला पैसा आधी मिळू लागतो, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अर्थशास्त्रात याला 'वर्तमान मूल्य' म्हणतात. व्याजाचा दर ८ टक्के धरला, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत ४६ रुपये, वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची साधारण २१ रुपये, आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची अवघी १० रुपये. उशिरा येणारा पैसा कागदावर मोठा आणि हातात लहान असतो. डॉक्टरला मिळणारा पैसा मोठा खरा, पण तो उशिराचा आहे.

स्वतःचे रुग्णालय

बाजारात ज्याची चर्चा होते ती कमाई मात्र शासकीय नोकरीतली नसते. ती खासगी व्यवसायातली. त्यात दोन प्रकार. मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात पगारावर किंवा शस्त्रक्रियेमागे ठरलेल्या हिश्श्यावर काम करणे, हा एक. स्वतःचे दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय उभारणे, हा दुसरा. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी दुसरा प्रकार अधिक.

हाडांचे रुग्णालय हे खर्चाचे काम आहे. ताप-खोकल्याच्या डॉक्टरला एक टेबल आणि स्टेथोस्कोप पुरतो; हाडांच्या डॉक्टरला क्ष-किरण यंत्र, शस्त्रक्रिया चालू असताना हाड पडद्यावर दाखविणारे सी-आर्म, खास टेबल, ड्रिल, निर्जंतुकीकरणाची सोय, प्लास्टर करणारा माणूस आणि बोलावल्यावर येणारा भूलतज्ज्ञ एवढे सारे लागते. समजा, पस्तिसाव्या वर्षी त्याने १ कोटीचे कर्ज १० टक्के व्याजाने पंधरा वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ७ हजार येतो आणि पंधरा वर्षांत बँकेला १ कोटी ९३ लाख परत जातात. मुद्दलाइतकेच जवळजवळ व्याज. कर्ज फिटते तेव्हा डॉक्टर पन्नाशीचा असतो.

शल्यचिकित्सकाच्या हाताचे उत्तम दिवस साधारणपणे चाळीस ते पंचावन्न. त्याआधी नाव व्हायचे असते; त्यानंतर कंबर, मान आणि डोळे कुरकुर करू लागतात. त्याच्या उत्पन्नाची रेषा काढली तर ती आपल्या सातपुड्याच्या एखाद्या डोंगरासारखी दिसेल : बराच काळ सपाट, मग एकदम चढण, थोडा माथा आणि पुन्हा उतार. लोक पाहतात तो माथा. त्यांनी पाहिलेले खोटे नसते. पण डोंगर म्हणजे केवळ माथा नव्हे. खासगी व्यवसायात चांगला जम बसलेल्याची जन्मभराची कमाई शासकीय डॉक्टरपेक्षा कितीतरी अधिक होते, हे खरेच. मात्र ती सर्वांची सारखी नसते. स्मिथ यांचे पाचवे कारण, यशाची शक्यता, येथे आड येते.

आणखी एक गोष्ट. रुग्णाने भरलेले बिल म्हणजे डॉक्टरची मिळकत नव्हे. त्या बिलात भूलतज्ज्ञ, परिचारिका, औषधे, खाट, वीज आणि हाडात बसवायची पट्टी, स्क्रू, रॉड किंवा कृत्रिम सांधा हे सारे वाटेकरी असतात. गुडघ्याच्या सांध्याचे उदाहरण बोलके आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्याच्या कमाल किमती बांधून दिल्या. सर्वसाधारण वापरातील कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या सांध्याची छापील किंमत सरासरी १ लाख ५८ हजारांच्या घरात होती, तो करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आला. म्हणजे इतकी वर्षे रुग्ण ज्याला 'डॉक्टरचे बिल' म्हणत होता, त्यातील लाखभर रुपये एका धातूच्या तुकड्यावरील व्यापारी नफ्याचे होते. त्यातून काही ठिकाणी रुग्णालयांना व मध्यस्थांनाही हिस्सा मिळत असे, अशी टीका झाली. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली देणे-घेणे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. तरीही 'कट' हा शब्द आपल्या खेड्यातल्या माणसालाही ठाऊक झाला आहे. ज्या व्यवसायात ग्राहकाला मालाची पारख करता येत नाही, तेथे असा हिस्सा शिरायला वाव राहतो. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये आरोग्यसेवेच्या अर्थशास्त्रावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच मर्म सांगितले : वैद्यकाचा बाजार हा भाजीबाजार नव्हे, येथे विश्वास हाच सौद्याचा पाया.

हा पाया सांभाळून नाव कमावलेली माणसे आपल्या व्यवसायात झाली आहेत. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीयांच्या शरीराला मानवेल असा 'इंडस' हा गुडघ्याचा सांधा तयार केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. मिरजेसारख्या मध्यम गावात राहून डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी अस्थिशल्यचिकित्सेचे असे काम केले, की देशभरातील विद्यार्थी त्यांनी संपादिलेला ग्रंथ वाचतात. जयपूरच्या शासकीय रुग्णालयातील डॉ. पी. के. सेठी यांनी रामचंद्र शर्मा या कारागिराच्या साह्याने अनवाणी चालता येईल, चिखलात उभे राहता येईल, मांडी घालून बसता येईल असा 'जयपूर फूट' केला आणि १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळविला. या माणसांची कमाई केवळ रुपयांत मोजता येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

गरज आणि मागणी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कमाईसाठीच डॉक्टर काम करीत असेल, तर जेथे मोडलेली हाडे अधिक तेथे तो का येत नाही?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. त्यांत सुमारे ६९ टक्के आदिवासी. येथे हाडांची दुखापत ही रोजची गोष्ट आहे. माणसे महू-ताडावरून पडतात, घर शाकारताना पडतात, घाटात जीप उलटते, मोटारसायकल घसरते. दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. तेथे ट्रॅक्टरखाली, मोळीखाली पाय सापडतो. याशिवाय एक दुखणे असे की त्याला पडावेही लागत नाही. आपल्या भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की तो गोळा आतल्या आत झिजून ढासळतो. पंचविशीतला तरुण म्हाताऱ्यासारखा लंगडू लागतो. शहरात साठीनंतर लागणारी शस्त्रक्रिया येथे विशीत लागते.

म्हणजे हाडांच्या डॉक्टरची गरज येथे कमी नाही. मग मागणी? आपण पहिल्याच वर्षी शिकलो की इच्छा म्हणजे मागणी नव्हे; इच्छेच्या पाठीशी खरेदीशक्ती असेल तरच ती मागणी. निती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालात महाराष्ट्रातील सर्वांत गरीब जिल्हा म्हणून आपलाच उल्लेख आहे. निम्म्याहून अधिक लोक त्यात गरीब ठरले. गरज डोंगराएवढी आणि मागणी मुठीएवढी. डॉक्टरची कमाई गरजेमागे जात नाही, मागणीमागे जाते. म्हणूनच तापी खोऱ्यातील रेल्वेने आमचे रुग्ण सुरतेला जातात, आणि त्याच रेल्वेने आमच्यातून शिकलेला डॉक्टरही जातो. त्याला स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याच्या मुलांना शाळा हवी आहे आणि ज्याला शेजारी भूलतज्ज्ञ नसेल तर शस्त्रक्रियाच करता येत नाही, तो आडात पाणी नसताना पोहऱ्यात कोठून आणणार?

शासनाच्या रचनेतही एक पोकळी आहे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी तज्ज्ञांची जी नेहमीची यादी असते, तीत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन असतात, अस्थिरोगतज्ज्ञ नसतो. तो वरच्या रुग्णालयात. ज्या डोंगरातून माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथल्यासाठी 'वरचे रुग्णालय' म्हणजे खाली सपाटीवरचे, दिवसभराच्या वाटेवरचे रुग्णालय होय.

मोडलेल्या पायाची कमाई

येथवर मी हाड जोडणाऱ्याच्या कमाईचा हिशेब केला. पण ज्याचे हाड जोडले जाते किंवा जात नाही, त्याच्या कमाईचा हिशेब कोणी करतो काय?

माझे मामा धडगाव तालुक्यातले. कौले चढविताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. तेव्हा त्यांचे वय तेहतीस. पावसाळ्याचे दिवस होते, जवळ पैसा नव्हता. हाडवैद्याने मनापासून कामट्या बांधल्या. त्याची काही चूक नव्हती. मांडीचे हाड कामट्यांनी धरून राहत नाही, स्नायू ते ओढून घेतात. हाड जुळले, पण एकावर एक चढून जुळले. पाय दोन बोटे आखूड झाला. ऊसतोडीच्या कोयत्याला मग त्यांना कोणी घेतले नाही. मामी एकटी जाऊ लागली, आणि मामेभावाची शाळा सहावीत सुटली.

आता हिशेब. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सोयीसाठी ३०० धरू आणि वर्षाला २०० दिवस काम. वर्षाचे ६०,०००. लंगड्या पायामुळे यांतील निम्मी कमाई गेली असे धरले, तर वर्षाला ३०,००० आणि पंचवीस वर्षांत साडेसात लाख रुपये. एका मजुराच्या एका पायाची ही किंमत. शाळा सुटलेल्या मुलाचे नुकसान यात धरलेले नाही.

शासकीय अस्थिशल्यचिकित्सकाचे तीस वर्षांचे मूळ वेतन आपण ३ कोटी ८७ लाख काढले. त्याला साडेसात लाखांनी भागा. उत्तर येते सुमारे ५२. म्हणजे या डॉक्टरने तीस वर्षांत बावन्न मजुरांचे पाय सरळ राखले, वर्षाला दोनही नव्हे, तरी त्याचा सारा पगार समाजाला परत मिळाला. भत्ते, भूलतज्ज्ञ, परिचारिका, यंत्रे, रॉड असा सगळा खर्च धरून रक्कम चौपट केली, तरी वर्षाला सात पाय पुरेत. कामात असलेला डॉक्टर एवढे पाय एखाद्या आठवड्यात हाताळतो. हे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. कोणी ते निम्मे धरावेत, कोणी दुप्पट. निष्कर्ष बदलत नाही. हाडांचा डॉक्टर महाग नाही. हाडांचा डॉक्टर नसणे महाग आहे.

काय करता येईल

गरजेचे मागणीत रूपांतर करणे, हे या प्रश्नाचे अर्थशास्त्रीय उत्तर. व्यक्तीजवळ पैसा नसेल तर समाजाने एकत्र येऊन तो द्यावा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला मिळणारे दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले. अशी योजना असली म्हणजे गरिबाचा मोडलेला पाय डॉक्टरच्या दृष्टीने 'मागणी' ठरतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तर तज्ज्ञाने अपेक्षित वेतन सांगावे आणि शासनाने ते द्यावे, अशीही मुभा राज्यांना दिलेली आहे. मात्र एकट्या शल्यचिकित्सकाला मोठा पगार देऊन डोंगरात पाठविणे पुरेसे नाही. त्याच्याबरोबर भूलतज्ज्ञ, सी-आर्म आणि ते चालविणारा माणूस गेला नाही, तर तो तेथे केवळ चिठ्ठ्या लिहीत बसेल.

नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी आशेची गोष्ट आहे. बाहेरून आलेला डॉक्टर बदलीची वाट पाहतो. पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलणारा, येथेच वाढलेला डॉक्टर थांबण्याचा संभव अधिक. त्याची 'जन्मभराची कमाई' मोजताना आई-वडिलांजवळ राहणे आणि आपल्या भाषेत रुग्णाशी बोलणे या गोष्टीही जमेच्या बाजूला येतात. हाडवैद्यांना शत्रू न मानता, कोणते हाड बांधावे आणि कोणते ताबडतोब खाली पाठवावे एवढे त्यांना शिकविले, तरी पुष्कळ पाय वाचतील.

आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी? आपल्याला हाड जोडता येत नाही. पण कागद जोडता येतात. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे दिले गेले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. तरीही शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नाव जुळत नाही म्हणून योजनेपासून अडून राहणारा माणूस याच जिल्ह्यात भेटतो. रुग्णालयातील 'आरोग्यमित्र' कोठे बसतो, कोणता कागद लागतो, कोणत्या रुग्णालयात योजना लागू आहे हे आपापल्या गावी सांगणे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात या कामासाठी एक दिवस राखून ठेवावा, अशी माझी प्राध्यापक वर्गाला नम्र विनंती आहे.

डॉक्टर किती कमावतो हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न लिहून ठेवावा : त्याच्या नसण्याने आपण किती गमावतो? हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडल्यावाचून आपला जमाखर्च पुरा होणार नाही.